दौलतला मिळालेला शब्द

"कुणाला काही मिळालं आहे का?" अप्पांनी विचारले, आणि दौलतने उठायला पाय सावरले.

परळच्या एका चाळीतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या म्हणजे मंडळीचे प्रार्थनागृह. उपदेश आटोपला की पाळक अप्पा हा प्रश्न विचारत आणि वाट बघत. प्रभूने कुणाच्या मनात शब्द घातला असेल तर त्याने उठून तो सांगायचा. सांगण्याची रीत मात्र अप्पांनी घालून दिली होती. अंगात आल्यासारखे थरथरायचे नाही, आवाज चढवायचा नाही, पुस्तकी भाषा आणायची नाही. नळावर बोलतो तसे बोलायचे, मागच्या चटईवरच्या म्हातारीलाही कळेल इतके थोडके बोलायचे आणि खाली बसायचे. शिवाय एक पक्का नियम होता. जे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, ती बातमी. ती प्रभूचा शब्द म्हणून मंडळीत आणायची नाही.

दौलत आज नेमके तेच करणार होता.

त्याचा मुलगा याकोब तीन आठवडे घरी नव्हता. जानेवारीतल्या गोळीबारानंतर संयुक्त महाराष्ट्राची पत्रके वाटताना त्याचे नाव पोलिसांकडे गेले, आणि एका संध्याकाळी पोरगा नाहीसा झाला. तो जिवंत आहे की नाही, हे त्याच्या आईला, शेवंतीला, कुणी सांगितले नव्हते. दौलतला मात्र सगळे ठाऊक होते. रे रोडला लाकडाच्या एका वखारीत गावाकडचा धोंडू राखण करायचा, त्याच्या खोपीत याकोब लपला होता. गिरणी सुटली की दौलत तिकडे जायचा, डब्यातले निम्मे पोराला द्यायचा आणि कपड्यांवरचा भुसा झटकून घरी यायचा. धुणे शेवंतीच्याच हातात जायचे, म्हणून तो खिसेसुद्धा उलटे करून झटकायचा.

आईला सांगू नका, असे याकोबने बजावले होते, आणि ते बरोबरही होते. शेवंती जन्मात कधी खोटे बोलली नव्हती. तिला पत्ता माहीत असता तर तिने तो हवालदाराला सांगितला असता आणि वर चहाही पाजला असता. मागच्या आठवड्यात हवालदार दारात आला तेव्हा ती "देवाला ठाऊक" एवढेच म्हणाली, आणि दौलतचा जीव भांड्यात पडला.

पण तिचे हाल त्याला बघवेनात. ती अर्ध्या भाकरीवर उठायची. डबा भरताना तर तिचे भानच सुटायचे. दोनाच्या जागी चार भाकऱ्या, आणि कोपऱ्यात गुळाचा खडा. दौलत गुळाला शिवत नाही, हे पंचवीस वर्षांच्या संसारात ती कधी विसरली नव्हती. गूळ लागायचा तो याकोबला. पोराच्या आठवणीने तिचे हात आपोआप चालतात, असे दौलतला वाटे आणि तो डबा तसाच उचलून निघे.

आज तर ती उपासनेलाच उशिरा आली, आयुष्यात पहिल्यांदा. वरळी कोळीवाड्यात ताजे बोंबील आणायला गेले होते, असे पुटपुटून ती बायकांच्या बाजूला जाऊन बसली. परळचा बाजार हाकेच्या अंतरावर, आणि ही बाई मासळीसाठी भल्या पहाटे वरळीला जाते. दौलतला धास्तीच वाटली. बायकोचे डोके फिरायची वेळ आली होती, आणि नवरा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

तो उठला. त्याच्या मनातले सगळे तोंडावर उमटते, असे चाळीत सगळे म्हणत, म्हणून त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

"एका आईसाठी शब्द आहे. तुझा मुलगा जिवंत आहे. तो उपाशी नाही. घोर लावून घेऊ नकोस, पोटभर जेव."

एवढे बोलून तो मटकन खाली बसला. मंडळी आमेन म्हणाली. अप्पांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिले, बरे बोललास म्हणाले आणि गीत सुरू केले. पलीकडे शेवंतीने पदरात तोंड लपवले होते. तिचे खांदे हलत होते.

दुपारी तिने बोंबील तळले. दौलतच्या समोर बसून ती दोन भाकऱ्या जेवली, तिसरीचाही तुकडा मोडला. दौलत बघतच राहिला. देवाच्या घरात, देवाच्या नावाने तो खोटे बोलला होता, आणि ते त्याला सकाळपासून टोचत होते. उद्या अप्पांकडे जाऊन सगळे कबूल करायचे, असे त्याने ठरवले. पण तिला जेवताना पाहून त्याला इतके बरे वाटत होते, की शिक्षा झालीच तर ती तो आनंदाने भोगणार होता.

ताटे उचलून शेवंतीने हात धुतले. मग तिने दार लोटून कडी घातली, अप्पांनी शिकवले होते तशी ती चटईवर ताठ उभी राहिली, हात जोडले आणि आवाज न चढवता, नळावर बोलावे तशी बोलली.

"एका बापासाठी बातमी आहे. उद्या वखारीकडे जाऊ नका, तिथे पोलिसांची पाळत बसली आहे. पोराला मी आज पहाटेच कोळीवाड्यात पोचवलंय. आणि गुळाचा खडा जरा मोठा घालत जा, म्हणत होता."