जीपचा टप

"स्विच बंद कर," नारायण म्हणाला. "माज्या जीपला असलं काय नव्हतं."

अर्जुनने अंगणातल्या हातभर लांबीच्या जीपकडे पाहिलं. बॅटरीवर चालणारी, चार चाकांना टेपरेकॉर्डरच्या चार मोटरी. गाडी कलायला लागली की स्विचमधला पारा सरकायचा आणि बाहेरच्या बाजूची चाकं आपोआप मंदावायची. बेळगावच्या कॉलेजातला त्याचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. सुट्टीत तो गाडी घेऊन गुंदला बहिणीकडे, सावित्री आणि नारायणदाजींच्या घरी, आला होता. अंगणात त्यानं मातीचं वळणही हुबेहूब केलं होतं. गेल्या साली कॅसलरॉकची रेल्वे गाठायला दाजींनी जीप जोरात सोडली, ती त्या वळणावर उलटली आणि त्यांची लेक फुला गेली.

तेव्हापासून सावित्री नवऱ्याशी बोलत नव्हती. ताट पुढे सरकवायची, शब्द नाही. "त्यास्नी सांग, भात वाढलाय," असं भिंतीला ऐकवायची. लेकीचे खेळायचे पाच खडे कोनाड्यात होते. त्यांना हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

दाजींना एकच जाणून घ्यायचं होतं. जीप हळू नेली असती तर पोर वाचली असती का? त्या प्रश्नानं माणूस पार खंगला होता.

उत्तर अर्जुनला काल संध्याकाळीच मिळालं होतं. स्विच बंद असतानाही हळू सोडलेली गाडी सुखरूप वळली. जोरात सोडली की उलटायची. सावित्री उंबऱ्यात बसून बघत होती.

"दाजींना काय सांगू, अक्का?"

"सांगू नगं. त्यांचं त्यास्नी बगू दे." मग ती सुईदोरा घेऊन आली. "जीपला वर कापडाचा टप व्हता न्हवं? मग हिला बी पायजे. मी शिवते."

एवढा राग बरा नव्हे, असं अर्जुनला वाटलं. पण त्यानं गाडी तिच्यापुढे ठेवली.

आता त्यानं स्विच बंद केला. टप चढवलेली गाडी कालच्याच हळू गतीनं निघाली. वळणावर आली, कलली आणि आडवी झाली. पुन्हा सोडली. पुन्हा तेच.

नारायण मातीत बसला. "म्हंजे हळू नेली असती तरी उलटलीच असती व्हय रं?" आणि वर्षभर अडलेलं रडू त्याला फुटलं.

सावित्री पुढे झाली. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "उठा. भात निवतोय."

दोघं आत गेली. अर्जुनचं डोकं चालेना. कापडाच्या तुकड्यानं गाडी उलटते? त्यानं ती उचलली. टप हाताला जड लागला. त्यानं शिवण दातानं तोडली.

फुलाचे पाचही खडे त्याच्या ओंजळीत पडले.