बारीक तार

"बठ्ठासन्या मोटारी चालू शेतस, मनीच बंद," शेजारच्या विहिरींकडे हात करत द्रौपदाअक्का म्हणाली.

वायरमन आधारने फ्यूज उपसून पाहिला. तार वितळली होती. आठवड्यात तिसऱ्यांदा.

भडगावच्या अलीकडे, गिरणाकाठी वीज येऊन तीनच वर्षं झाली होती. खांबावरच्या एका लहानशा डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, सहा विहिरींच्या मोटारी. म्हणून आधारने प्रत्येकाला मोजून बारीक तार घालून दिली होती. ज्याने जास्त वीज ओढली त्याची तार जळावी, डीपी वाचावी. डीपी जळाली तर दुसरी यायला चार महिने, आणि वैशाखात केळी पंधरा दिवसही तग धरत नाही. हे त्याने सहाही जणांना हात जोडून सांगितलं होतं. पाच जणांनी माना डोलावल्या आणि त्याची पाठ वळताच मोठ्या मोटारी बसवून जाड तारा ठोकल्या. पितांबरने तर सायकलचा आराच घातला. आज सकाळी आधारने तो काढला, तेव्हा पितांबर खाटेवरून उठलासुद्धा नाही.

"काढ भाऊ, काढ. तू गया का मी परत टाकसू."

पाचांनी वीज ओरपली की दाब उतरायचा, अक्काची मोटार अडून नुसती घुरघुरायची, अडल्याने उलट जास्तच वीज ओढायची आणि तार तिचीच जळायची. ऐकलं होतं तिने एकटीनेच, भोगतही होती ती एकटीच.

अक्काने पदराची गाठ सोडली. आत जाड तारेचा तुकडा होता.

"माले भ्याव वाटस. तूच टाक."

"अक्का, डीपी जळी जाई."

"ती ते जळनारच शे. तोपावत मनी केळी जगू दे."

आधारने आपल्याच हाताने जाड तार आवळली. मोटार धडधडली, पाटात पाणी पडलं. अक्काने पहिली ओंजळ त्याच्यापुढे धरली. तो प्यायला, पण त्याला रडू येईल असं वाटलं.

परतताना तो डीपीखाली थांबला. वरून डीपीतलं, तिला थंड ठेवणारं तेल ठिबकत होतं. आधारने उगाचच खाली तळहात धरला. तेल गरम होतं.