कुंदाची उचकी

रविवारी सकाळी टीव्हीवर कार्टून लागलं, की ठाकुर्लीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमधली पोरं शेजारच्या कुंदाने गायलेलं त्याचं टायटल साँग गातात. त्यातही मधली ती उचकी सगळ्यांची लाडकी. माझी लेकसुद्धा ती अगदी अचूक काढते, तेव्हा तिला एक धपाटा घालावासा वाटतो. त्या गाण्यासाठी आवाजाची टेस्ट मी आणि कुंदा, दोघींनी दिलेली. बारा वर्षं गाणं शिकले मी, आणि घेतलं कुंदाला!

काल ती जिन्यात भेटली. न राहवून विचारलं, "काय गं, ती उचकी कशी सुचली तुला?"

"सुचतेय कसली! रेकॉर्डिंगला खरीच लागली. कोण एवढी आठवण काढतंय म्हणून आईचं नाव घेतलं, ह्यांचं घेतलं, सासूबाईंचंसुद्धा घेतलं, पण थांबेचना. शेवटी संगीतकार म्हणाले, राहू दे, मजा येतेय."

मी हसले. त्या दुपारी ती ठाण्याच्या स्टुडिओत गात होती आणि मी इकडे कणीक तिंबत तिला शिव्या घालत होते. मेलीने एकदा माझं नाव घेतलं असतं, तर उचकी तिथल्या तिथे थांबली असती. आणि ते गाणं आज कुणाला आठवलंही नसतं.