दिव्याची पट्टी

शनिवारी व्हॅक्यूम करताना माझा धक्का लागला आणि आमच्या जर्सी सिटीच्या घरातल्या दिव्याची पातळ लाकडी पट्टी मोडली. एका स्पॅनिश आर्किटेक्टने महायुद्धानंतर डिझाइन केलेला तो दिवा माझ्या नवऱ्याचा, शंतनूचा, फार लाडका. संध्याकाळी त्याने विचारलं तेव्हा मी म्हणाले, “बाबांचा हात लागला असेल.” पुण्याहून आलेल्या बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. “हो जावईबापू, माझाच वेंधळेपणा. पण अख्ख्या दिव्यात एकही खिळा नाही, बघितलंत?” जेवणानंतर ग्लू लावून तो वाळेपर्यंत ते पट्टी चिमटीत धरून बसले. रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत. महिन्याभराने भेटायला आलेल्या रेणूमावशीला शंतनू दिवा दाखवत म्हणाला, “ही पट्टी बाबांची आठवण. त्यांनीच मोडली, त्यांनीच जोडली.” वाळलेल्या ग्लूत त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता. मी म्हणाले, “शंतनू, ती मी मोडली होती.”