जेवणाची सुट्टी

तनुजाच्या भाच्याच्या बारशाला शेजारच्या एका बाईंनी तिच्या बहिणीला विचारलं, "या तुझ्या आई का?" दोघी जुळ्या बहिणी होत्या. तनुजा पाळण्याची दोरी ओढत राहिली.

तिच्या ऑफिसात निमकर साहेबांनी एक खोली बसवून घेतली होती. बाहेर कपातला चहा निवेपर्यंत त्या खोलीत महिने सरत. आत खाण्यापिण्याची सोय असे, पण दार फक्त बाहेरून उघडायचं. काम तुंबलं की साहेब म्हणत, "वेळेचं नियोजन शिका जरा," आणि तनुजालाच आत धाडत. तिचे केस त्या खोलीतच पिकले.

बारशानंतरच्या सोमवारी संचालक यायचे होते आणि साहेबांचा अहवाल कोराच होता.

"आज मीच बसतो आत," ते म्हणाले. "चहा संपला की उघड."

तनुजानं दार लावलं, चहा संपवला आणि मग डबा उघडला. एरवी ती घाईघाईनं चार घास गिळायची. आज तिनं मटकीची उसळ चवीनं खाल्ली. साहेब आतून दार बडवत होते, पण बाहेर त्याची नुसती बारीक गुणगुण ऐकू येत होती. तिनं डबा घासला, पुसून पिशवीत ठेवला आणि मगच कडी काढली.

छातीपर्यंत पांढरी दाढी वाढलेला एक म्हातारा भिंतीला धरून बाहेर आला. तिला ओळखायला त्याला वेळ लागला.

"कुठे होतीस तू?"

"जेवत होते, साहेब," तनुजा शांतपणे म्हणाली. "अहवाल झाला ना? संचालक अजून यायचेत."