माणशी

बाबा गेल्यावर लेकीने फोनवरूनच आईला गाडी विकायला लावली. आईने जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे लेक म्हणाली, "आई, हिशोब तर तुझ्याच विषयातला. जळलेल्या इंधनाला माणसांनी भागायचं. गाडीत तू एकटी, बसमध्ये पन्नास जण. सांग, माणशी कशात कमी पडतं?"

बाईंना पटलं. पण वाचनालयाकडे जाणारी दुपारची बस रोज अख्खी रिकामी. ड्रायव्हर आरशातून हसून म्हणायचा, "बसा बाई कुठंही, खिडकीवरून भांडायला कोणी नाही."

आज बसमधूनच त्यांनी लेकीला हे सांगितलं, तर ती वैतागली. "म्हणजे तुझ्या एकटीसाठी एवढं धूड पळतंय? त्यापेक्षा आपली गाडीच बरी होती की गं!"

पलीकडे लेकीला कुणीतरी हाक मारली.

"चल आई, ठेवते. तुझं एकटीचं भागतंय ना नीट?"

"भागतं की," बाई म्हणाल्या. फोन बंद झाला होता, तरी त्यांनी उरलेलं वाक्य पूर्ण केलं.

 

"फक्त एकाने भागलं, की सगळं आहे तेवढंच राहतं."