सैल मूठ

"मूठ सोड," धाकटी म्हणाली. "बोटं नुसती अडकव."

ताईने मूठ सोडली नाही. तळ्याच्या काठावर, वाळूत पाय रोवून, शिडाची आडवी दांडी ती दोन्ही हातांनी आवळून उभी होती. फळी अजून बाजूलाच पडली होती. शिडात वारा भरला होता आणि ताईच्या मनगटावरच्या शिरा टरारून वर आल्या होत्या.

धाकटी या तळ्यावर विंडसर्फिंग शिकवायची. ताईचा जन्म शिवणकारखान्यात कापड कापण्यात गेला होता आणि त्या मोठ्या कात्रीने तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा पार झिजवून टाकला होता. पुढच्या आठवड्यात त्याचं ऑपरेशन होतं. दुखणं जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पकडीबद्दल विचारलं तेव्हा मात्र, बघू, एवढंच म्हणाले. म्हणून ताई कुणाला न कळवता बसने आली होती. एकदा पलीकडच्या काठापर्यंत जाऊन यायचं, बाकी काही नको, असं तिचं म्हणणं.

सकाळी ती तिच्या लहानपणीच्या पद्धतीने गेलीही होती, नुसत्या हातांच्या जोरावर. अर्ध्या तळ्यात हातांनी दगा दिला. धाकटीने मोटरबोट काढून तिला ओढत आणलं. शिकायला आलेली पोरं काठावरून बघत होती. ताई फळीवर बसून मनगटं चोळत राहिली.

मग धाकटीने कमरेला बांधायचा रुंद पट्टा आणला. पट्ट्याला पुढे आकडा होता आणि दांडीला दोरीचे फास. फास आकड्यात अडकवला की शिडाची ओढ हातांवर न येता कमरेवर यायची. ताईने पट्टा उलटसुलट करून बघितला आणि बैलाला जुंपतात तसं दिसतंय, म्हणाली. वाऱ्याने शीड नेलं तर मीही गेले की त्याच्याबरोबर. धाकटीने तिला दाखवलं, कोपर वाकवून दांडी जवळ ओढली की फास आपोआप गळून पडतो. ताईने ते चारदा करून बघितलं आणि मगच पट्टा बांधू दिला.

धाकटीने जाड दांडी काढून बारीक दांडी लावली, खांद्याच्या उंचीला आणली. कुठल्या हाताला ओढ जास्त लागते, ते विचारलं. मागच्या, ताई म्हणाली. धाकटीने फास चार बोटं मागे सरकवले. आता दोन्ही हातांना सारखी लागत होती.

"आता खुर्चीत बसतेस तशी मागे बस. हात सरळ. शीड तुझ्या वजनाने धरायचंय, हातांनी नाही."

"वजनाला काय कमी आहे इथे," ताई म्हणाली. पोरं हसली.

पण मूठ काही सुटेना. आयुष्यभर हातात घेतलेली वस्तू तिने घट्टच धरली होती. शेवटी धाकटीने तिची बोटं एकेक करून उलगडली आणि दांडीवर नुसती ठेवली. शीड जागेवरच राहिलं. ताईने शिडाकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे.

"अगं, हे पडत नाहीये, छोटे," ती हळूच म्हणाली.

ती निघाली तेव्हा वारा एकसारखा होता. धाकटी बोटीची किल्ली हातात घेऊन काठावर उभी राहिली. लहानपणी दोघींत एकच फळी होती. ताई आधी जायची, फार लांब जायची, आणि शीड एवढंसं होईपर्यंत धाकटी इथेच उभी असायची. आपली पाळी कधी येते याची घाई असायची आणि ताई येते की नाही याची धास्तीही.

तळ्याच्या मध्यावर ताईने एक हात दांडीवरून उचलला. धाकटी बोटीकडे धावली. पण ताईने हात नुसता झटकला, परत ठेवला, मग दुसरा झटकला. शीड पलीकडच्या झाडांपाशी गेलं, वळलं आणि परत येऊ लागलं.

कपडे बदलायच्या खोलीत धाकटीने तिचा हात मांडीवर घेऊन कोपरापासून मनगटापर्यंत दाबून बघितला. सकाळी दगडासारखा झालेला हात आता मऊ होता.

"दुखतंय?"

"नाही."

धाकटी खूश झाली. ताई मात्र मूठ मिटत होती, उघडत होती.

मग ती म्हणाली, लहानपणी संध्याकाळी हात कसे भरून यायचे, आठवतं? कंगवासुद्धा धरता यायचा नाही. धाकटीला आठवत होतं. आई दोघींना पुढ्यात बसवून वेण्या घालायची. केसांतली वाळू काढता काढता रागवायची, उद्यापासून तळं बंद म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी उभी राहून तीच विचारायची, आज वारा आहे का गं?

बाहेर पोरं शिडं गुंडाळत होती. ताईने पंच्याने केस पुसले, पिशवीतून कंगवा काढला. हातात धरून बघितला. नीट धरता येत होता.

तो तिने धाकटीच्या हातात दिला आणि तिच्याकडे पाठ करून बाकावर बसली.